एकदा स्टिरॉइड नको, एकदा हवं. खरं काय?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४१. दीड वर्षापूर्वी उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) हर्पीस झाला होता. तेव्हा मलम दिलं आणि ‘स्टिरॉइडचे थेंब चुकूनही घालू नका’ असं बजावलं. गेल्या महिन्यात तोच डोळा पुन्हा लाल झाला, आणि या वेळी गोळ्यांसोबत स्टिरॉइडचेच थेंब दिलेत! घालू की नको? आणि एवढं औषध घेऊनही हा आजार परततो कसा?

उत्तर : घाला, सांगितलेत तसेच. हर्पीसचा विषाणू तोच आहे, पण या खेपेला आजार बहुधा कॉर्नियाच्या आतल्या थरात असावा.

पहिल्या वेळी व्रण वरच्या थरावर असणार. डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं की तो हिरवा चमकतो. फांद्या फुटलेली बारीक डहाळी, टोकाटोकाला गाठी. ही डहाळी दिसली की मी आधी पेशंटला पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावते. आधीच कुणी स्टिरॉइड घातलं असेल, तर तीच डहाळी नकाशासारखी पसरलेली असते. इथे विषाणू वाढत असतो आणि स्टिरॉइड प्रतिकारशक्तीला दाबतं, म्हणून फक्त विषाणूविरोधी औषध : असायक्लोव्हिरचं ३ टक्क्यांचं मलम दिवसातून ५ वेळा, किंवा गॅन्सायक्लोव्हिरची जेल.

आतल्या थरात मात्र बरंचसं नुकसान आपल्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने होतं. तो आवरला नाही तर पांढरा डाग राहतो, नजर जाते. म्हणून स्टिरॉइड, आणि विषाणूने डोकं वर काढू नये म्हणून सोबत गोळ्या. यातलं काहीही मनाने बंद करू नका. थेंब हळूहळूच कमी करतात.

आता परतण्याबद्दल. असायक्लोव्हिरला जागं करतं विषाणूचंच एक एन्झाइम. चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत विषाणू झोपून असतो तेव्हा ते एन्झाइम तयारच होत नाही, त्यामुळे तिथे औषधाचा इलाज चालत नाही. पण ज्यांना हा आजार वारंवार उठतो त्यांना वर्षभर असायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देता येते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात गोळी घेण्याच्या वर्षात डोळ्याचा हर्पीस परतण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं होतं. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही सांगा.

हा कोर्स संपला की थेंबांची उरलेली बाटली टाकून द्या. पुन्हा लाली आली तर त्याच दिवशी दाखवा. फार दुखत नाही म्हणून थांबू नका. या आजारात कॉर्नियाची संवेदनाच कमी होते.