आधी माप घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू नोकरी सोडायचं म्हणालास, मी बोललो आणि तू उठून गेलास, तेव्हा कपात निम्मा चहा होता, वर साय धरलेली. काकूने तो मोरीत ओतताना माझ्याकडे एकदा बघितलं, बोलली काहीच नाही. माझं चुकलं हे मला तेवढ्यानेच कळलं.

पण काय चुकलं यावर आपलं जमणार नाही. तू म्हणशील, काका रागावले. माझं म्हणणं, मी माप न घेताच जॉब, म्हणजे कापायचा पोलादाचा तुकडा, मशीनवर चढवला. 'तुमच्या पिढीला दम नाही' हे मी तुला बोललो खरं, पण तुझं पुरतं ऐकायच्या आधीच बोललो.

भोसरीच्या टूलरूममध्ये, साचे-अवजारं घडवायच्या विभागात, एकतीस वर्षं काढली, त्यात एवढं एकच पक्कं शिकलो. आधी माप घे. पोलाद एकदा जास्त कापलं गेलं की गेलं. आणि मापाच्या बाबतीत तूही काही कमी नाहीस. 'मन लागत नाही' हे माप नव्हे रे. मापायचं साधं व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत सांगतं, आणि तू तीन वर्षांच्या नोकरीबद्दल एवढंच सांगतोस की वैताग आलाय. कशाचा? रात्री दोनला येणाऱ्या तक्रारींच्या तिकिटांचा? कोडिंगसाठी घेतलं आणि सपोर्टवर बसवलं, त्याचा? हिंजवडीच्या ट्रॅफिकचा? की कॉलवर सगळ्यांसमोर तुझ्या चुका वाचून दाखवणाऱ्या त्या टीम लीडचा? प्रोजेक्ट बदलून मागता येतो, खोली बदलता येते, कंपनीही बदलता येते. राजीनाम्याने यातलं नेमकं काय सुटणार, हे तुलाच ठाऊक नाही आणि तू नव्वद दिवसांची नोटीस द्यायला निघालास.

आता माझी गोष्ट ऐक, ही मी काकूलाही उशिरा सांगितली. आमच्याकडे आयटीआयचा एक अप्रेंटिस होता. जॉबमागून जॉब रिजेक्ट. एकदा माझ्यापुढे उभा राहिला, डोळे भरलेले, म्हणाला, "साहेब, मला हे काम जमत नाही." मी म्हणालो, "रडायचं असेल तर घरी जा." तो खरंच गेला. महिन्याभराने त्याचे वडील हिशेबाचे पैसे न्यायला आले तेव्हा बोलता बोलता कळलं, पोराला चष्मा लागला होता. चांगला मोठा नंबर. व्हर्निअरच्या बारीक रेघा त्याला दिसतच नव्हत्या, आणि सांगायची लाज वाटत होती. सगळ्या टूलरूमला मापं शिकवणारा मी, मला त्याचे डोळे तपासावेसे वाटले नाहीत.

म्हणून मग मऊ झालो. भाचा म्हणाला, नोकरी सोडून राज्यसेवा करतो. मी म्हटलं, तुझ्या मनाला पटेल ते कर. समजूतदार मामा! सहा वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत गेली त्याची, मेसचे डबे खाऊन. खुल्या वर्गाला वयाची अट ३८ आहे, म्हणजे 'आता बस' असं परीक्षा तुला लवकर सांगत नाही, ते घरातल्या कुणीतरी सांगावं लागतं. मी नाही सांगितलं, कारण मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. तो अजूनही माझ्याशी गोड बोलतो, ते जास्त लागतं.

तर तूही राज्यसेवेचंच म्हणतोयस. कर की. पण २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर हाताने लिहायचे. तू शेवटचं सलग तीन तास हाताने कधी लिहिलंस? या रविवारी लिहून बघ. हेही मापच.

तुला वाटेल, म्हातारा फिरून तिथेच येतो. येतो. माझ्या उस्तादांनी मला शिव्या घालूनच शिकवलं, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. मात्र शिवी देण्याआधी ते माझा जॉब हातात घेऊन, उजेडात धरून, दोनदा मोजायचे. मी त्यांच्या शिव्या तेवढ्या उचलल्या. हे माझं समर्थन म्हण हवं तर. रागावणं मी सोडणार नाही, या वयात जमणारही नाही.

एक वही घे. चौदा दिवस, रोज झोपताना दोन ओळी: आज कोणत्या तासाला सगळं सोडून जावंसं वाटलं, तेव्हा समोर कोण होतं, हातात काय काम होतं. एखादा तास बरा गेला असेल तर तोही लिही, लपवू नकोस. घरच्यांना इतक्यात काही बोलू नकोस. आईला ऐकवशील तर ती आधी घाबरेल, मग नवस बोलेल.

त्यानंतरच्या रविवारी ये. मी आधी वही वाचीन, मग तोंड उघडीन. काकू थालीपीठ लावणार आहे. वहीत काही लिहिलं नसशील तरी ये, फक्त या वेळी चहा पुरा पिऊन जा.

तुझा,
काका