आर-९ म्हणजे दहापैकी नऊ नव्हे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या लॉबीत जुनी मोझॅक काढून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवली. पहिल्याच पावसात दोघं घसरले. एका आजींचं मनगट मोडलं. कॉन्ट्रॅक्टर खोक्यावरचं ‘आर-९’ दाखवून म्हणतो, टाइल अँटिस्किडच आहे. कमिटीतल्या एका काकांनी चपलेत वीट ठेवून ती ताणकाट्याने ओढून पाहिली, तर ओल्या फरशीवर उलट जास्त जोर लागला! फरशी निसरडी आहे की नाही, हे मोजायचं तरी कसं?
— सोसायटीच्या सचिव, डोंबिवली

उत्तर : आधी खोक्यावरचा आकडा बघू. आर-९ वाचलं की आपल्याला प्रगतिपुस्तक आठवतं, दहापैकी नऊ. पण ही पट्टी जर्मनीतली, आणि ती सुरूच नऊपासून होते; वरचं टोक तेरा. चाचणी बघण्यासारखी असते. फरशी लावलेल्या फळीवर इंजिन ऑइल ओततात, कमरेला दोर बांधलेला माणूस बूट घालून तिच्यावर पुढेमागे चालतो आणि फळी एका बाजूने हळूहळू उचलत नेतात. ६ ते १० अंशांमध्ये पाय सुटला की आर-९. तुमचा कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलला नाही. काठावर पास झालेल्या पोराचे पेढे वाटले, इतकंच.

आता काकांची वीट. कल्पना चांगली, पण फसवी. चप्पल टेकवायची, काटा अडकवायचा, मग ओढायचं, यात चार-पाच सेकंद सहज जातात. तेवढ्यात विटेच्या वजनाने तळव्याखालचं पाणी बाजूला निघतं आणि रबर गुळगुळीत टाइलला चिकटून बसतं. म्हणून जोर जास्त लागला. चालताना टाच इतका दम काढत नाही. ती टेकता टेकताच पुढे सरकते, पाण्याला निघायला वेळ मिळत नाही आणि माणूस त्या पातळ थरावर क्षणभर तरंगतो. पुढचं आजींना विचारा.

म्हणूनच मोजणाऱ्या यंत्रातही रबर वेगाने सरकावं लागतं. त्यासाठी आम्ही लंबक वापरतो. इंजिनीअरिंग कॉलेजच्या हायवे लॅबमध्ये रस्त्यांसाठी असतो तोच. मूळ कल्पना १९४०च्या दशकात अमेरिकेत निघाली ती मात्र फरशांसाठीच. ब्रिटिशांनी ती रस्त्यावर नेली. माझी लंबकाची पेटी बघून रिक्षावाले हमखास विचारतात, “काका, भजनाला का?”

लंबकाच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली रबराची पट्टी असते, बुटाच्या टाचेइतकी कडक. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणायचा. मग लंबकाचा हात नुसता हवेत सोडून मापाचा काटा शून्यावर जातो ना, ते बघायचं. त्यानंतर उंची अशी लावायची की रबर फरशीला बरोबर १२६ मिलिमीटर घासेल. यातच अर्धा वेळ जातो आणि बघायला जमलेली पोरं कंटाळून निघून जातात. शेवटी फवाऱ्याने पाणी मारायचं आणि हात सोडायचा. घासण्यात जितकी ताकद खर्च होते, तितका तो पलीकडे कमी चढतो. त्याने ढकलत नेलेला काटा वर तसाच थांबतो. परतीच्या झोक्याला हात झेलायचा, नाहीतर रबर पुन्हा घासतं. असे आठ झोके. पहिले तीन सोडून उरलेल्या पाचांची सरासरी. मग यंत्र फिरवून आणखी दोन दिशांनी तेच.

सरासरी ३६ किंवा जास्त आली तर घसरण्याचा धोका कमी. २५ ते ३५ मध्यम. २४ आणि त्याखाली आली, तर मी तरी तिथे छत्री झटकणार नाही.

मागे ठाण्यातल्या एका लॉबीत पॉलिश ग्रॅनाइटवर कोरडं माप ६१ आलं. चेअरमन खूश. पाणी मारलं, १३. त्याच इमारतीच्या मागच्या दाराशी न घोटलेली जुनी शहाबादी होती. ती ओली असूनही ४१. फरक खरबरीतपणाचा. नुसत्या पाण्यासाठी २० मायक्रॉनचे उंचवटेही पुरतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे कमीच. पाण्याचा थर फोडायचं काम तेच करतात. तेल सांडत असेल तर आणखी उंच लागतात. आणि ते पायांखाली झिजतात. जातं बोथट झालं की टाकी लावणारी बाई दारावर यायची, आठवतं? फरशीला टाकी लावायला कुणी येत नाही. म्हणून माप कोपऱ्यात घेऊ नका. दारापासून लिफ्टपर्यंत जिथे पाय पडतात, तिथेच घ्या.

एक गोष्ट लगेच करा. टेस्टिंगवाल्याला आधी फरशी आहे तशी मोजायला लावा, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुऊन पुन्हा. आकडा वर गेला, तर दोष निदान काही अंशी बादलीत ओतल्या जाणाऱ्या फिनेलचा आणि साबणाच्या थराचा. नाही गेला, तर दोष बहुधा टाइलचाच. मग आम्ल लावून पृष्ठभाग खरबरीत करणारे लोक येतील. त्यांच्याकडून आधी एका टाइलवर करून घ्या, ओलं माप घ्या, आणि मगच ॲडव्हान्स द्या. तोवर दाराशी हातभर पायपुसणं नको; चार-पाच पावलं पडतील एवढी लांब चटई टाका.

प्रश्न : न्हाणीसाठी दुकानदार आर-११ घ्या म्हणतो. घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आर हा बुटांचा आकडा, आणि न्हाणीत आपण अनवाणी. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर चालून ए, बी, सी असे वेगळे वर्ग देतात. शॉवरखाली बी तरी हवा. दुकानदाराकडे कंपनीचं तपशीलपत्रक मागा. सी घेतलीत तर पकड उत्तम, पण खाचांत मळ धरतो आणि फरशी रोज खराट्याने घासावी लागते. ती कोण घासणार, हे घरात आधी ठरवून मग दुकानात जा.