विम्याचं बोला : चष्म्याचं बिल कोण भरणार?

प्रश्न : माझी आई 72 वर्षांची आहे. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून मिळालं. महिन्याभराने डॉक्टरांनी नवा नंबर काढून दिला, चष्मा केला, 6,400 रुपये झाले. 'ऑपरेशननंतर 60 दिवसांचा खर्च मिळतो' असं एजंटने सांगितलं होतं, म्हणून बिल पाठवलं, तर कंपनीने नाकारलं. भांडावं का? आईचं 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्डही काढलंय. त्यावर मिळेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : भांडू नका, हाती काही लागणार नाही. पॉलिसीची पुस्तिका काढा आणि 'काय मिळणार नाही' हे पान वाचा. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र ही मंडळी बहुतेक मेडिक्लेममध्ये तिथेच भेटतात. मी बरीच वर्षं टीपीएत, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, क्लेमच्या टेबलावर होते. मोतीबिंदूच्या फाइलीत ऑपरेशननंतर घालायचा काळा गॉगलसुद्धा हॉस्पिटलच्या बिलात घुसवलेला असे. तेवढी ओळ खोडून बाकीचं बिल आम्ही पास करायचो. डोळ्याच्या आत बसवलेली लेन्स विम्याची, नाकावर बसणारी आपली, असा सरळ हिशेब.

एजंट खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. (ही त्यांची जुनी खोड.) 60 दिवसांच्या खर्चात डॉक्टरांची फेरतपासणी, डोळ्यात घालायचे थेंब, गोळ्या, चाचण्या येतात. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे थेंब चालू असतात, बाटल्यांमागून बाटल्या. ती बिलं पाठवलीत का? लोक चष्म्याच्या बिलासाठी कंपनीला चार मेल करतात आणि मेडिकलच्या पावत्या पिशवीबरोबर फेकून देतात. पावत्या असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लगेच पाठवा. मुदत पुस्तिकेत दिलेली असते. बऱ्याच ठिकाणी उपचार संपल्यापासून 15 दिवस.

डावा डोळा अजून व्हायचा असेल तर आधीच विचारून ठेवा की एका डोळ्यामागे मर्यादा किती. 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. मल्टिफोकल लेन्स घाला, मग चष्माच नको, असं काउंटरवर गोड बोलून सांगतात. वरचा फरक मात्र तुमच्या खिशातून जातो. पाच-सहा हजारांचा चष्मा टाळायला त्याच्या कितीतरी पट मोजायचे का, हे घरी बसून ठरवा, ऑपरेशनच्या गाऊनमध्ये नाही.

आयुष्मान कार्ड चांगलंच आहे. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट नाही आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. पण ते रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांसाठी. चष्म्याच्या दुकानात ते दाखवून उपयोग नाही.

एक दार मात्र ठोठावून बघा, आणि ते विम्याचं नाही. राज्य सरकारची 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आहे, 2024 सालची. पासष्टी ओलांडलेल्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, सहाय्यक साधनांसाठी 3,000 रुपये एकरकमी थेट बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. काठी, कमरेचा पट्टा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर यादीत चष्माही आहे. पैसे आल्यावर वस्तू घ्यायची आणि बिल सादर करायचं, असा क्रम. त्यामुळे तुमचं जुनं बिल त्यात बसवायला जाऊ नका. सध्या अर्ज घेताहेत का, ते जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात विचारा. आईचं आधार, रेशनकार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स बरोबर ठेवा.

प्रश्न : कंपनीच्या ग्रुप पॉलिसीला 3,500 रुपये भरून ओपीडीची जोड घेता येते. त्यात दात आणि चष्म्यासाठी 5,000 रुपयांपर्यंत मिळतात. घ्यावी का? नंबर साडेपाच आहे, लेसिकचाही (लेसरने नंबर घालवायच्या ऑपरेशनचा) विचार आहे.
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : 1,500 रुपयांच्या फायद्यासाठी वर्षभर पावत्या सांभाळायच्या, एवढाच सौदा. दाताचं काही काम निघालेलं असेल तर घ्या. निव्वळ चष्म्यासाठी मी घेतली नसती. घेणारच असाल तर एचआरला मेल करून लेखी विचारा : फ्रेम धरतात की फक्त काचा? दर वर्षी की दोन वर्षांतून एकदा? कुठलंही दुकान चालेल की त्यांच्या यादीतलंच? नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी लागते की दुकानातल्या मशीनवर काढलेला नंबर पुरे? शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ क्लेम अडकतात.

लेसिकचं म्हणाल, तर साडेसातपेक्षा कमी नंबर घालवायचा खर्च विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांतच येतो. साडेपाचला मेडिक्लेमची आशा धरू नका.

प्रश्न : मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. बाईंनी डोळे तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. आमच्याकडे कुठलाच विमा नाही.
– एक आई, केज

उत्तर : विम्याची गरजच नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मे देणं हे त्याचं ठरलेलं काम आहे. बाईंची चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा आणि 'नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात' हे आधी विचारून घ्या, म्हणजे खेप फुकट जाणार नाही. चष्मा तिथे त्याच दिवशी मिळेलच असं नाही. तेव्हा मुलाचं नाव, शाळा आणि नंबर त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहिला गेला, हे पाहूनच निघा.