ऑपरेशन नाकाचं, मग फुफ्फुसात पाणी कसं?

वय ३२, रोजचा व्यायाम, कसलाच आजार नाही. नाकाचं वाकडं हाड सरळ करायचं ऑपरेशन नीट पार पडलं. भूल उतरताना घशातली नळी काढली आणि स्वरयंत्र एकदम आवळून बंद झालं. ते लवकरच उघडलं, पण थोड्या वेळाने खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला, ऑक्सिजन ८५ टक्क्यांवर उतरला. बाहेर बसलेल्या पत्नीच्या कानावर एवढंच पडलं: फुफ्फुसात पाणी झालंय.

"म्हणजे यांचं हृदय कमजोर होतं का?"

हा प्रश्न जवळपास प्रत्येक नातेवाइकाचा असतो. समुपदेशकाने त्यांच्या हातात सुई नसलेली रिकामी सिरिंज दिली. "ताई, टोकावर बोट दाबून दट्ट्या ओढा." दट्ट्या जड लागला, बोटाची कातडी आत खेचली गेली.

छातीतही हेच झालं. एरवी श्वास घेताना छातीत उणे ५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब असतो. वाट बंद असताना जिवाच्या आकांताने श्वास ओढला की तो उणे ५० ते १०० पर्यंत जातो. हवा येत नाही, मग बारीक रक्तवाहिन्यांतला द्रव वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, खेचला जातो. त्यात रक्तपेशीही झिरपतात, म्हणून फेस गुलाबी. स्नायू जितके बळकट तितकी ओढ मोठी, त्यामुळे धडधाकट तरुणांत हे जास्त दिसतं. तरीही हृदयाची खात्री करायला ईसीजी, इको करतात आणि पोटातलं काही श्वासनळीत गेलं नाही ना, हेही पाहतात. ते योग्यच आहे.

"मग सुईने पाणी काढणार?" नाही. सुईने काढतात ते फुफ्फुसाच्या आवरणात साठलेलं. हे वायुकोशांतलं, ते शरीरच परत शोषून घेतं, बहुधा २४ ते ४८ तासांत. तोवर घट्ट मास्कमधून दाबाने ऑक्सिजन द्यावा लागतो. तो पुरला नाही तर पुन्हा नळी आणि व्हेंटिलेटर. लघवी वाढवणारं इंजेक्शन कधी देतात, पण खरा आधार त्या दाबाचाच. मास्कने रुग्ण गुदमरल्यासारखा करतो, तेव्हा दया येऊन तो सैल करू नका, नर्सला बोलवा.

घरी गेल्यावर धाप लागली किंवा पुन्हा गुलाबी थुंकी दिसली, तर तडक रुग्णालय गाठायचं.

डिस्चार्ज कार्डावर फक्त नाकाच्या ऑपरेशनची नोंद होती. ताईंनी तिथेच थांबून एक ओळ वाढवून घेतली: "नळी काढल्यावर स्वरयंत्र आवळून फुफ्फुसात पाणी झाले होते; पुढील भुलीआधी भूलतज्ज्ञांना दाखवावे."