पेशी मेल्या म्हणून लगेच एआयएम२ला धरू नका

"उंदराच्या मॅक्रोफाजमध्ये प्लाझ्मिड सोडलं, चार तासांत निम्म्या पेशी गेल्या, इंटरफेरॉन नावालाही नाही." तुमची पोस्ट वाचली आणि माझं पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. डिट्टो हेच! (मॅक्रोफाज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूत वाढवून काढलेलं गोल डीएनए, आणि इंटरफेरॉन म्हणजे विषाणूंविरुद्ध पेशी सोडतात ते इशारा-प्रथिन.)

इंटरफेरॉन न दिसण्याचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. पेशीद्रवात डीएनए आला की तो ओळखणारी दोन प्रथिनं कामाला लागतात: सीगॅस हा स्टिंग या दुसऱ्या प्रथिनामार्फत इंटरफेरॉनची तयारी करतो, तर एआयएम२ कॅस्पेस-१ हे कापणारं एन्झाइम जागं करून गॅसडर्मिन-डी हे भोकं पाडणारं प्रथिन कापायला लावतो. पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि त्यानंच सीगॅस थंडावतो.

पण मरण एआयएम२मुळेच, हे कशावरून? मी आठ महिने तेच धरून बसलो, गाइडना स्लाइड दाखवून मोकळाही झालो. मग एआयएम२ नसलेल्या उंदराच्या पेशी मिळाल्या. त्याही तशाच मेल्या. मायक्रोस्कोपखाली फुग्यासारख्या टम्म, केंद्रक मात्र गोल शाबूत.

चोर प्लाझ्मिडच्या नळीतच होता. प्लाझ्मिड ज्यात वाढवतात त्या ई. कोलाय जिवाणूचं एलपीएस, म्हणजे त्याच्या आवरणातलं विष (एंडोटॉक्सिन)! मिनिप्रेपमध्ये, म्हणजे प्लाझ्मिड काढायच्या साध्या पद्धतीत, ते उरतं, डीएनए पेशीत पोचवणारं लिपोफेक्टामिन त्यालाही आत नेतं, आणि ते ओळखून कॅस्पेस-११ हे एन्झाइम तेच गॅसडर्मिन-डी कापतं. पेशीत शिरलेलं एलपीएस कॅस्पेस-११ला जागं करतं, हे २०१३मध्येच छापून आलं होतं. मी वाचलंही होतं, हे जास्त लाजिरवाणं.

त्यात एंडोटॉक्सिन-मुक्त किटची फाइल खरेदी विभागात पाच महिने पडून. शेरा काय, तर "डीएनए काढण्याचे किट उपलब्ध असताना दुसरे कशासाठी?" तीन वेळा लेखी खुलासा दिला. असो.

तुम्ही किटची वाट बघू नका. थोड्या प्लाझ्मिडवर डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) चालवा, जेलवर डीएनएचा पट्टा गेलाय ना बघा, एन्झाइम गरम करून निकामी करा आणि तेच पेशींना द्या. गरम केल्यानं एलपीएसचं काही बिघडत नाही. पेशी तरीही मेल्या तर डीएनए निर्दोष. शेजारी तुलनेला पॉली(डीए:डीटी), म्हणजे जिवाणूत न वाढवलेलं कृत्रिम डीएनए, लावाच. नुसतं लिपोफेक्टामिन लावलं असेलच, धरून चालतो.

हे सगळं उंदरापुरतं हं. माणसाच्या मोनोसाइटमध्ये मार्गच वेगळा निघाला: स्टिंगमुळे लायसोसोम (पेशीतल्या पाचक पिशव्या) फुटतात आणि पुढे एनएलआरपी३ हे वेगळंच धोका ओळखणारं प्रथिन जागं होतं (२०१७). टीएचपी-१ या माणसाच्या मोनोसाइट पेशींवर माझा सल्ला जसाच्या तसा लावून मला शिव्या घालू नका.

आणखी एक, किती पेशी मेल्या हे बघायला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम) मोजताना पेशी वाढवायच्या माध्यमात सीरम कमी ठेवा. सीरममध्ये स्वतःचं एलडीएच असतं, आकडे उगाच फुगतात.

प्लाझ्मिड कुठल्या किटनं काढलंत, तेवढं लिहा.