आधी नावं विचार, स्कॅनर नंतर

न्यू जर्सीहून एका सुनेचं पत्र आलंय. "डिसेंबरात तीन आठवडे साताऱ्याला जातोय. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत तीनेकशे जुने फोटो आहेत. स्कॅनर कोणता घ्यावा? मूळ फोटो इकडे आणावेत की दिरांकडे ठेवावेत? आठवणी रेकॉर्ड करायच्या म्हटल्या, तर कॅमेरा पाहून त्या पदर सारखा करतात आणि गप्प बसतात."

अगं, तुझी तळमळ कळते. तीन आठवड्यांत दोन लग्नं, दातांचा डॉक्टर, बँकेची कामं आणि परतीच्या बॅगा, हे सगळं आपण सगळ्यांनीच केलंय. पण पूर्ण पत्रात स्कॅनरची चौकशी चार वेळा आणि ट्रंकेतल्या एकाही माणसाचं नाव नाही, याला काय म्हणू?

आमचं घर पुण्यात नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर आजीनं चिखलातून फोटो काढले, स्वच्छ पाण्यात धुतले आणि दोरीवर वाळत घातले. चेहरे बरेचसे वाचले. आजोबांनी मागे निळ्या शाईनं लिहिलेली नावं मात्र धुऊन गेली. आजीला सगळी तोंडपाठ होती, म्हणून कुणी ती परत लिहून काढली नाहीत. पुढे आजीच गेली. आज माझ्याकडे विहिरीपाशी उभ्या असलेल्या सहा नऊवारीतल्या बायकांचा फोटो आहे. दोघी ओळखू येतात. तिसरीबद्दल आत्या सांगायची, "ती वाईची माई." आमच्या घराण्यात माई चार होत्या!

बायकांच्या बाबतीत हा घोळ फार. माहेरचं नाव एक, सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं दुसरं, आणि जन्मभर हाक मारलेली ती अक्का नाहीतर काकू. पुरुषाचं नाव सातबाऱ्यावर तरी सापडतं. तेव्हा सासूबाईंना प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव विचार. त्यांच्या स्वतःच्यापासून सुरुवात कर. तुला ठाऊक आहे का ते? खरं सांग.

कॅमेरा बॅगेतच राहू दे. दुपारच्या चहानंतर ट्रंकेतून दहाच फोटो बाहेर काढ, जास्त नाही. फोन घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेव, पंखा बंद कर आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना सांग. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं म्हणू नकोस, त्यावर कुणीही गप्पच होईल. फोटो हातात दे. मी आईला मुद्दाम चुकीचं नाव सांगायचे, "या शांताकाकू ना?" की ती उसळायची, "शांता कसली! शांता तेव्हा बाळंतपणाला कोल्हापूरला होती." आणि पुढचा अर्धा तास मला तोंड उघडावं लागायचं नाही.

प्रत्येक फोटोचा क्रमांक मोठ्यानं बोल, म्हणजे आवाज आणि फोटो नंतर जुळवता येतील. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिही. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. पुढच्या काळातल्या रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर क्रमांक आणि वहीत नावं.

आता तुझे बाकीचे प्रश्न. स्कॅनर साधा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो ठेवायचा, तो चालेल. छोटे फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असे स्कॅन कर आणि प्रती दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नकोस, दात साफ करायचा दोरा खालून हळूच फिरव. तरीही सुटला नाही तर पानासकट स्कॅन कर. ट्रंकेत मोडीतली पत्रं निघाली तर रद्दीत घालू नकोस, मोडी वाचणारे आजही भेटतात. मूळ फोटो दिरांकडेच राहू देत. जाऊबाईंनी ती ट्रंक इतकी वर्षं सांभाळलीय, आणि त्यावरून भांडण काढायला तुझ्याकडे तीनच आठवडे आहेत.

तू नमुन्यादाखल पाठवलेल्या फोटोत उजवीकडे जी मुलगी उभी आहे ना, दोन वेण्यावाली, ती कोण ते जानेवारीत मला कळव.