महिनाभर घर बंद, तरी 36 युनिट कसे?

तुम्ही लिहिलंय की वाशीचं घर महिनाभर बंद होतं, फ्रिजही रिकामा करून बंद केला होता, तरी मीटर 36 युनिट पुढे गेलं. मीटर बिघडलं असेलच असं नाही. 36 युनिट म्हणजे रात्रंदिवस सरासरी 50 वॅट. सेट टॉप बॉक्स, वायफाय राउटर, इन्व्हर्टर, भिंतीवरचं बटण चालू ठेवलेले टीव्ही आणि एसी मिळून तेवढे सहज होतात. सगळ्यात फसवा सेट टॉप बॉक्स: रिमोटने बंद केला तरी बरेचसे बॉक्स जवळपास पूर्वीइतकीच वीज ओढत राहतात. मोबाईलचा नुसता चार्जर मात्र नगण्य, त्याच्या मागे लागू नका.

स्वतः तपासून बघा. मीटरवर '3200 इम्प/केडब्ल्यूएच' असं काही छापलेलं असतं, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. सगळं रिमोटने बंद करून तासभर मोजा. 160 वेळा लुकलुकला तर तेच 50 वॅट. मग एकेक बटण बंद करत जा, चोर सापडेल.

स्थिर आकार मात्र शून्य युनिटलाही लागतो. आणि पुढच्या वेळी गावी निघताना मेन स्विचच खाली करा.